वर्गात रहस्यकादंबरी शिकवायची तर: नववीच्या बाईंचं सविस्तर टाचण

गेली काही वर्षं मी पुण्यात नववीच्या वर्गाला दरवर्षी एक किशोरांसाठीची रहस्यकादंबरी पूर्ण वाचून शिकवते, पाठ्यपुस्तकाच्या जोडीला, आणि दर जूनमध्ये कोणीतरी नवीन शिक्षक विचारतातच की हे जमवता कसं, पोर्शन मागे पडत नाही का, मुलं ऐकतात का. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. जरा लांबेल, पण ज्यांना खरंच करायचंय त्यांच्या उपयोगाचं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रहस्यकादंबरी शिकवताना शिक्षकाचं मुख्य काम समजावून सांगणं हे नाही, योग्य जागी थांबणं हे आहे. लेखकाने कुठली माहिती कधी द्यायची हे ठरवूनच पुस्तक लिहिलेलं असतं, आणि आपण मात्र सवयीने पहिल्याच तासाला "लेखक परिचय, कथानक, मध्यवर्ती कल्पना" असं फळ्यावर लिहून मोकळे होतो. कथानक फळ्यावर लिहिलं की पुस्तक संपलं. तिथून पुढे मुलं फक्त पानं उलटतात.

आधी पुस्तक निवडणं. पाचवी-सहावीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही मस्त चालतो, फुरसुंगीचा बनेश, पुण्यातलं विद्याभवन, सायकल आणि तो "ट्टॉक", पुण्यातल्या मुलांना ते आपल्या गल्लीतलं वाटतं. पण नववीच्या मुलांना आता त्यापेक्षा गुंतागुंत हवी असते, ज्यात चांगली वाटणारी माणसं खोटं बोलतात आणि वाईट वाटणाऱ्याची काहीतरी बाजू असते. मी बघते ते एवढंच: १५० ते १८० पानं, मुख्य पात्र तेरा ते सतराच्या मधलं, संशयित चार ते सहा (त्यापेक्षा जास्त झाले की मागच्या बाकावरची मुलं नावं विसरतात), आणि रक्तपात कमी पण प्रश्न जास्त. अनुवादित असली तरी चालेल पण अनुवाद मोठ्याने वाचून बघा, दोन पानांत जीभ अडखळली तर ती वर्गासाठी नाही. मी कुठली कादंबरी घेते ते इथे लिहीत नाहीये, कारण हे मुलं पण वाचतात आणि शेवट फुटतो.

पुस्तक ठरलं की ते स्वतः दोनदा वाचायचं. पहिल्यांदा वाचक म्हणून, सलग, पेन्सिल न घेता. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आता शेवट माहीत असताना, आणि प्रत्येक धाग्यापाशी समासात खूण करत. दुसरं वाचन टाळलंत तर वर्गात तुमची फजिती होणार, कारण मुलं तेविसाव्या पानावरचा प्रश्न विचारतात आणि आपल्याला फक्त शेवटचं प्रकरण आठवत असतं.

प्रतींचं म्हणाल तर चाळीस प्रती एकदम कुठलीच शाळा घेऊन देत नाही. मी अप्पा बळवंत चौकात जाऊन आठ-दहा प्रती घेते, तिथे एकगठ्ठा घेतल्यावर डिस्काउंट मागायला लाजू नका, दोन प्रती शाळेच्या लायब्ररीत असतात, काही घरं पुणे नगर वाचन मंदिरात किंवा जवळपासच्या लायब्ररीत मेंबर असतात त्यांच्याकडून एखाददुसरी येते. चार मुलांत एक प्रत पुरते, खरं तर तेच बरं पडतं, डोकी एकत्र येतात. पूर्ण पुस्तकाची पीडीएफ वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र टाकू नका. लेखकाच्या पोटावर पाय येतो हे एक, आणि दुसरं म्हणजे त्याच रात्री अर्धा वर्ग शेवट वाचून येतो.

आता वेळेचं गणित. आमचा तास ३५ मिनिटांचा. हजेरी, वह्या, "बाई पाणी पिऊन येऊ" ह्यात पाच मिनिटं गेली, वीस मिनिटं वाचन, दहा मिनिटं वही. माझ्या वाचनाच्या वेगाने वीस मिनिटांत साधारण दहा पानं होतात. आठवड्याला दोन तास धरले तर सहा आठवड्यांत बारा तास, त्यातले पहिला आणि अकरावा सोडून (का ते पुढे सांगते) दहा तास वाचनाचे, म्हणजे १०० पानं. १६० पानांचं पुस्तक असेल तर उरलेली ६० पानं घरी वाचायला द्यायची, आणि ती कुठली द्यायची हे आधी ठरवून ठेवायचं. प्रवासाची, वर्णनाची, नवीन पात्राची ओळख करून देणारी प्रकरणं घरी, गाठ बसणारी आणि सुटणारी प्रकरणं वर्गात. मी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करते आणि गणपतीच्या आधी संपवते, कारण गणपतीत ढोल पथकाची प्रॅक्टिस, मंडळ, सुट्ट्या ह्यात सलगता राहत नाही. पावसाळी अंधारलेली दुपार असते ती वेगळीच मदत करते.

मुख्याध्यापकांना आधीच टाचण दाखवा. त्यात सरळ लिहायचं की स्थूलवाचन, प्रकट वाचन, स्वमत आणि व्याकरणातले प्रयोग हे सगळं ह्यातून होणार आहे. हे काही बनवाबनवीचं नाही, खरंच होतं, खाली सांगते. पालकांनाही चार ओळींचा मेसेज जाऊ द्या की पुस्तकात अमुक प्रकारचा गुन्हा आहे, अमुक वयासाठी आहे.

ह्यानंतर येतात थांबे, आणि ह्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पेन्सिलच्या खुणा बघून वाचनाच्या प्रत्येक तासाचा थांबा ठरवायचा, म्हणजे त्या दिवशी कुठल्या वाक्यापाशी पुस्तक बंद करायचं ते. इथे बहुतेक जण प्रकरण संपलं की थांबतात. मी पण सुरुवातीला तेच करायचे. पण प्रकरणाच्या शेवटी लेखकाने स्वतःच हिसका दिलेला असतो, तिथे मुलं ओरडतात, "बाई अजून एक पान!" आणि बेल होते, बास. उत्साह भरपूर, विचार शून्य. त्यापेक्षा प्रकरणाच्या मध्ये, एखाद्या अगदी साध्या दिसणाऱ्या वाक्यानंतर थांबा. म्हणजे कोणीतरी म्हणतं की मी काल रात्री लवकर झोपलो, आणि पुढचा परिच्छेद सुरू होतो. तिथे पुस्तक बंद करायचं आणि काहीच बोलायचं नाही. दोन मिनिटांनी कोणीतरी मागून म्हणतंच, "पण त्याच्या खोलीत दिवा चालू होता ना?" ती दोन मिनिटं गप्प बसणं शिक्षकाला फार जड जातं, मला अजूनही जातं.

पहिला तास. पुस्तक उघडू नका. मी पहिल्या तासाला "ध चा मा" सांगते. पुण्याच्या मुलांना गोष्ट माहीत असते, शनिवारवाडा, ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशवे, वय अवघं १८, "काका मला वाचवा". मी ती दोन तऱ्हांनी सांगते. पहिल्यांदा अशी: नारायणराव वाड्यात आहेत, अचानक गारदी घुसतात, धावपळ, किंकाळी. दुसऱ्यांदा अशी: राघोबादादांचं पत्र निघतं, त्यात लिहिलंय "नारायणरावास धरावे". वाटेत आनंदीबाई "ध" चा "मा" करतात. पत्र पुढे जातं. इकडे नारायणरावांना ह्यातलं काहीच माहीत नाही, त्यांचा रोजचा दिवस चाललाय. मग विचारायचं, कुठल्या वेळी छातीत धडधडलं? आजवर प्रत्येक वर्गाने दुसरी सांगितली, आणि गंमत अशी की शेवट तर दोन्ही वेळा माहीत होता! सिनेदिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण (बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत, टेबलाशी बसलेल्यांना नाही) ह्यासाठी नेहमी दिलं जातं, चांगलंच आहे ते, पण आपल्याकडे एका अक्षराचा बॉम्ब असताना मी ते वापरत नाही. (ती आख्यायिका आहे हेही मुलांना सांगा, अक्षर खरंच बदललं का हा इतिहासाचा वेगळा प्रश्न आहे.) ह्यातून मुलांना धक्का आणि उत्कंठा ह्यातला फरक कळतो. धक्का म्हणजे माहिती एकदम येते, उत्कंठा म्हणजे माहिती कोणाकडे तरी आहे आणि कोणाकडे तरी नाही. पुढे प्रत्येक थांब्यावर हाच प्रश्न विचारायचा: आत्ता कोणाला काय माहितीये, आणि कोणाला नाही?

ह्याच तासाला करार पण करून घ्यायचा, फळ्यावर लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन. ज्याने पुढे वाचलं त्याने गप्प बसायचं. दरवर्षी दोन-तीन मुलं वीकेंडला पुस्तक संपवून येतातच, त्यांना रागवू नका, त्यांनी पुस्तक वाचलंय हो, गुन्हा नाही केला. त्यांना मी पहारेकरी म्हणते. त्यांचं काम वेगळं, बाकीच्यांचे अंदाज चुकताहेत तर लेखकाने नेमकं कुठे फसवलं त्या जागा शोधून बंद पाकिटात मला आणून द्यायच्या.

अंदाज वही हे ह्या सगळ्याचं हत्यार. साधी शंभर पानी वही, प्रत्येक पानावर चार कॉलम: पान नंबर, काय दिसलं, त्यावरून मला काय वाटतं, आणि खात्री दहापैकी किती. शेवटचा कॉलम विसरू नका. दहापैकी तीन खात्री असलेला अंदाज लिहायला मूल घाबरत नाही, आणि नंतर तीनाचे सात कसे झाले किंवा शून्य कसे झाले हे त्याला स्वतःलाच मागे वळून दिसतं. नियम एकच, पान नंबर नसेल तर अंदाज धरायचा नाही. "मला तो माणूस आवडत नाही बाई" चालणार नाही, कुठल्या पानावर काय केलं त्याने ते दाखव.

एक प्रसंग सांगते. तीन-चार वर्षांपूर्वीचा वर्ग, त्यात एक मुलगी, वर्षभर तोंडातून शब्द नाही, हजेरीला सुद्धा नुसती मान हलवणारी. तिच्या वहीत एक नोंद होती, पान ३१, वाड्याचा रखवालदार म्हणतो की भिंतीवरचं घड्याळ महिनाभर बंद आहे. पान ८८, एक पाहुणा म्हणतो की अकराचे टोले ऐकून मला जाग आली. मधे ५७ पानं आणि तीन आठवडे. खात्री: दहापैकी नऊ. मी पुस्तक दोनदा वाचलेलं, पेन्सिल घेऊन, आणि मला हे दिसलं नव्हतं! वर्ग नुसता पेटला, पाहुणाच चोर. आणि मग पुस्तक पुढे गेलं, संपलं, आणि त्या घड्याळाचा पुन्हा उल्लेखच नाही. पाहुणा निर्दोष. मग प्रश्न असा आला की हा चकवा होता, की पाहुणा झोपेत काहीतरी भलतंच ऐकून टोले समजला, की लेखकाचीच चूक? त्यावर एक अख्खा तास वाद झाला आणि तो माझ्या आठवणीतला सगळ्यात चांगला तास आहे. ती मुलगी त्या दिवशी दोनदा उभं राहून बोलली. तिचा अंदाज चुकला होता पण तिचं वाचन कोणाहीपेक्षा बरोबर होतं, आणि मार्क मी तिलाच सगळ्यात जास्त दिले.

संशयितांची भिंत, म्हणजे चार्ट पेपरवर नावं आणि लोकरीचे धागे, करायची तर करा, मुलांना आवडते. मला त्यात फार वेळ जातो असं वाटतं.

भाषेच्या तासाकडे येते, कारण आपण मराठीचे शिक्षक आणि इथे जे सापडतं ते दुसरीकडे नाही सापडत. फळ्यावर लिहा: "दार उघडं होतं." काही होत नाही. आता पुढे लिहा: "निघताना कुलूप मीच लावलं होतं." वर्ग शांत. दार तेच, वाक्यही तेच, पण नंतर आलेल्या एका साध्या वाक्याने आधीचं भीतीदायक करून टाकलं. वाक्यांचा क्रम उलटा करून दाखवा, निम्मी भीती जाते.

आणि मग हे. मराठीत क्रियापद चुगली करतं. इंग्रजीतला लेखक सहज लिहितो की खिडकीतून कोणीतरी बघितलं आणि "मी" पळालो, तिथे "मी" मुलगा की मुलगी कळत नाही. मराठीत "पळालो" की "पळाले" लिहावंच लागतं, म्हणजे अनुवादकाला अनेकदा लेखकाने लपवलेलं आधीच उघड करावं लागतं. मग मराठी लेखक गुन्हेगाराला लपवतो कसा? मुलांना पुस्तकातली वाक्यं शोधायला लावा, इतके प्रकार निघतात. "कोणीतरी जिना चढत होतं", नपुंसकलिंग घेतलं, सुटला. "ती व्यक्ती वळली", व्यक्ती शब्दच स्त्रीलिंगी, पुरुष असो की बाई, "वळली"च. "सावली हलली", "पावलं थांबली", माणूस बाजूलाच काढला. "त्यांनी दार लावून घेतलं", हे आदरार्थी "त्यांनी" तर कोणालाही चालतं. आणि सगळ्यात भारी, "मी दार उघडलं, दिवा लावला, पत्र वाचलं." इथे मी कोण? कळत नाही! कारण क्रियापद दार, दिवा, पत्र ह्यांच्यामागे गेलं. हाच कर्मणी प्रयोग. "मी गेलो" म्हटलं की कर्तरी, आणि पकडला गेलो. "मी त्याला ओळखलं" म्हटलं की भावे, पुन्हा सुटलो. वर्षानुवर्षं "राम आंबा खातो, रामाने आंबा खाल्ला" घोकून जो प्रयोग डोक्यात शिरत नाही तो इथे एका तासात शिरतो, कारण आता त्याचा कोणाला तरी पकडायला उपयोग आहे.

गृहपाठ: "मी" वापरून दहा ओळी लिहा, रात्री बंद घरात शिरण्याबद्दल, आणि "मी" मुलगा की मुलगी हे कळता कामा नये. शेजाऱ्याने वही तपासायची. मुलं "मी घाबरलो" लिहून अडकतात, मग खोडून "माझ्या अंगावर काटा आला" लिहितात, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत त्यांची मराठी आपोआप चांगली व्हायला लागते. एका मुलाने सगळं बरोबर केलं होतं आणि शेवटच्या ओळीत "ओढणी खिळ्यात अडकली". शेजारणीने लगेच पकडलं.

वाचन कोणी करायचं? गाठीची प्रकरणं शिक्षकानेच वाचा. मुलांना आळीपाळीने एकेक परिच्छेद वाचायला दिला की जे अडखळतं त्याची फजिती होते आणि ताण पण मरतो. संवाद मात्र मुलांना वाटून द्या, अडखळणाऱ्या मुलाला आदल्या दिवशी सांगून छोटा, चटकदार संवाद द्यायचा, तो घरी दहा वेळा वाचून येतो. आवाज मोठा करून भीती दाखवू नका, उलट धोक्याच्या जागी आवाज खाली आणा, वेग कमी करा. जो काल गैरहजर होता त्याच्यासाठी तासाच्या सुरुवातीला एका मुलाने एका मिनिटात "मागे काय झालं" सांगायचं, फक्त घटना, अंदाज नाही.

उलगड्याच्या आधीचा थांबा म्हणजे अकरावा तास. त्या दिवशी आमच्याकडे न्यायसभा असते. वर्गाचे पाच गट, प्रत्येक गटाने एका संशयितावर आरोप ठेवायचा, चार मिनिटं, आणि तीन मुलं न्यायाधीश. रामशास्त्र्यांच्या गावात आहोत, त्यामुळे त्या तिघांना नियम असा की मैत्री बघायची नाही, फक्त पान नंबर बघायचे. निकाल लावायचा पण तो बरोबर की चूक हे आपण चेहऱ्यावर सुद्धा दाखवायचं नाही.

बाराव्या तासाला उलगडा वाचायचा, सलग, मधे न थांबता. आणि आता सगळ्यात जास्त होणारी चूक: इथे संपवू नका. तेरावा तास कुठूनही मिळवा, बदली तास मागून घ्या, कारण खरं शिकणं ह्या तासाला होतं. पहिलं प्रकरण परत वाचायचं. तेच शब्द, पण आता मुलं हसतात, कपाळावर हात मारतात, "बाई इथेच होतं की!" रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्लिश धर्मगुरूंनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले होते, त्यातले दोन-तीन फळ्यावर घ्या: गुन्हेगार गोष्टीत लवकर येऊन गेलेला हवा, शोधणाऱ्याला सापडलेला धागा वाचकालाही तेव्हाच दाखवायला हवा, गुप्त वाट एकच चालेल, जास्त नाही. मग वर्गाने लेखकाची तपासणी करायची, खेळ सरळ खेळलाय की नाही. पहारेकऱ्यांची पाकिटं पण आता उघडायची.

मार्कांचं सांगते. "गुन्हेगार कोण ते लिहा" असला प्रश्न कृतिपत्रिकेत घालू नका, तो शेजाऱ्याकडे बघून लिहिता येतो. मी अर्धे मार्क अंदाज वहीला देते, त्यातही बदललेल्या अंदाजांना जास्त. उरलेल्यात एक उतारा, आकलनाच्या कृतीसाठी, एक स्वमत (लेखकाने अमुक माहिती दहाव्या प्रकरणाऐवजी दुसऱ्यात दिली असती तर?) आणि एक पानभर लेखन, जागा पुण्यातली आणि स्वतः बघितलेली हवी. स्वारगेटची शेवटची बस, दुपारची रिकामी मंडई, पर्वतीच्या पायऱ्या, सोसायटीचं बंद असलेलं क्लब हाऊस. गुन्हा नको, फक्त काहीतरी चुकतंय एवढं वाटलं पाहिजे.

एका गोष्टीची मनापासून काळजी घ्या. पुस्तकात पळवून नेणं, मारहाण, घरातली दहशत असं काही असेल तर चाळीस मुलांत एखादं असं असू शकतं की ज्याच्यासाठी ती गोष्ट नाही, रोजचं आहे. वाचताना मुलांच्या चेहऱ्यांकडे बघत राहा. एखादं मूल अचानक गप्प झालं, वही कोरी यायला लागली, तर सगळ्यांसमोर विचारू नका, मधल्या सुट्टीत बोला, ऐका, आणि गरज वाटली तर समुपदेशकांना सांगा, चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर वर्गात कायम लावलेला असू द्या. त्या मुलाला त्या प्रकरणाच्या तासाला लायब्ररीत दुसरं काम द्या, कारण न सांगता.

आणि सगळं झाल्यावर वह्या परत देऊ नका लगेच. मी दिल्या होत्या एका वर्षी, त्या आठवीतल्या भावंडांच्या हाती लागल्या आणि पुढच्या जूनला पहिल्याच तासाला अर्ध्या वर्गाला चोर माहीत होता. आता वह्या स्टाफरूमच्या कपाटात, कुलूप लावून, दहावीचा निरोप समारंभ होईपर्यंत.